जिथवर हरणाबाईंचा हात पोचला

मित्रांनो, माझ्यापेक्षा देखणे टेम्पो तुम्ही रस्त्यावर रोज बघत असाल. मी मागे बंद डबा असलेला एक जुना टेम्पो आहे. माझा एक दिवा तिरळा आहे, दार लावताना खांदा द्यावा लागतो आणि चढ आला की मी जरा कुरकुरतो. पण भर दुपारी माझ्या पोटात येऊन बसा, पुन्हा उठायचं नाव काढणार नाही तुम्ही. ही नुसती बढाई नाही हो! हे सुख माझ्या पोटात कसं आलं, आणि येता येता कसं हातचं जाणार होतं, ते सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म सांगलीचा. इंजिन आणि चाकं कुठल्या तरी दूरच्या कारखान्यातली आहेत, पण डबा सांगलीच्या एका शेडमध्ये बांधला गेला. लोखंडी चौकट आणि वर पत्रा, एवढाच काय तो माझा देह. बाहेरून मला पांढरा रंग मिळाला. आतून कोणता द्यायचा यावर मालक म्हणाला, "आतलं कोन बघतंय?" रंगाऱ्याकडे पिवळा उरला होता, त्याने तोच फासला. तेव्हापासून माझं पोट हळदीसारखं पिवळंधमक आहे.

पहिली अकरा वर्षं मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत काढली. मुलांच्या मळक्या चादरी आणि रजया धुवायला न्यायच्या, धुतलेल्या परत आणायच्या, हे माझं काम. मी आलो की पोरं धावत यायची, माझ्या पाठीवरच्या धुळीत बोटाने नावं काढायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. पण माझ्यात एक खोड होती. पाचगणीच्या धुक्यात माझा पत्रा गारठायचा आणि आतून पाणी सुटायचं. कोरड्या रजया माझ्या पोटात पुन्हा ओल्या व्हायच्या. शाळेत मला 'रडका डबा' म्हणू लागले. आता पत्र्याला घाम येतो त्यात माझा काय दोष? पण ऐकतो कोण! शाळेने नवा टेम्पो घेतला आणि मला विकून टाकलं.

पुढे या हातातून त्या हातात फिरत मी पलूसच्या एका गॅरेजच्या मागे जाऊन पडलो. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. उंदरांनी हॉर्नची वायर खाल्ली. तीन वर्षं कुणी माझं दार उघडलं तर ते अंडी काढायलाच. अंडी घेणाऱ्यांत मंगल नावाची एक बाई होती. ती प्रत्येक वेळी आत डोकावून इकडे-तिकडे बघायची. मला वाटायचं, हिला अंडी कमी पडली असतील. पण तिच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

मंगलचं कुटुंब आटपाडीकडचं, मेंढरांवर जगणारं. दिवाळी सरली की तिकडचा चारा आटतो, मग ही माणसं मेंढरं घेऊन पायी निघतात आणि पलूसच्या मळ्यांत येतात. मळेवाले हौसेने मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात, कारण रानाला लेंडीखत मिळतं. माणसं तिथेच उघड्यावर राहतात. मंगलची सासू हरणाबाई आठ वर्षांच्या असल्यापासून या वाटेने चालत होत्या. प्रत्येक मेंढी त्या तोंडावरून ओळखत. पण गेल्या हिवाळ्यात कृष्णाकाठच्या दहिवराने, पहाटेच्या दवाने, त्यांची छाती भरली आणि त्यांना सोळा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, ओल्यात आणि गारठ्यात आता झोपायचं नाही.

झालं! त्यांच्या मुलाने, बिराप्पाने, निकाल देऊन टाकला. "आई, औंदा तू घरीच ऱ्हायचं."

"मेंढरं जातील आनी मी हितं भिताडं राखत बसू व्हय?" हरणाबाई म्हणाल्या.

बिराप्पा काही वाईट मुलगा नव्हता. आईच्या उशाशी त्याने सोळाही दिवस बसून काढले होते. भीतीने तो असा कडक झाला होता. मग मंगलने मधला मार्ग काढला. "आवं, त्यो पलूसचा डब्याचा टेम्पो घिऊ. तुमास्नी चालवाय येतोय. आत्याबाई आत झोपत्याल, मेंढरांमागं मी आनी गडी हाईच की."

अशा रीतीने मी कोंबड्यांच्या तावडीतून सुटलो. मेंढरं रविवारी निघायची होती, त्याला अजून नऊ दिवस होते. बिराप्पाने आटपाडीकडच्या आपल्या अंगणात आणून मला धुतलं, आत बाज टाकली, आणि हरणाबाई म्हणाल्या, "लय झ्याक हाय गड्या!" इतक्या वर्षांनी कुणी मला चांगलं म्हटलं. मला वाटलं, आता आपलं नशीब फळफळलं.

कसलं काय! दुपारी माझा पत्रा असा तापला की आत पाय ठेवता येईना. आणि त्या रात्री मायलेक दार लावून आत झोपले, तर त्यांच्याच श्वासाची वाफ माझ्या गार पत्र्याला लागून पाणी झाली. पहाटे हरणाबाईंच्या घोंगड्यावर टपटप थेंब पडत होते. त्या दोनदा खोकल्या. बिराप्पा ताडकन उठला, घोंगडं पिळून त्याने पाणी काढून दाखवलं.

"बगितलंस? ह्यापरीस रानातलं दहिवर बरं. ते काय न्हाई, तू घरीच."

हरणाबाई उठून मेंढरांच्या वाड्यात गेल्या आणि एका म्हाताऱ्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मित्रांनो, पाचगणीत मला रडका म्हणाले तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं.

मंगल मात्र हार मानणाऱ्यांतली नव्हती. पलूसला एका कोंबड्यांच्या शेडच्या पत्र्याला आतून फेस मारलेला तिने पाहिला होता. तो फेस घट्ट होतो आणि मग आत ऊन लागत नाही, थंडी लागत नाही. तिने शेडवाल्याकडून नंबर घेतला आणि सांगलीच्या रमजानला फोन केला. रमजान बारा वर्षं हेच काम करत होता. दोन दिवसांनी तो आणि त्याची बायको नूरजहां एक छोटी गाडी घेऊन आले. गाडीत जनरेटर, दोन मोठे ड्रम, एक मशीन आणि अजगरासारखी लांब नळी होती.

रमजानने आधी मला हात लावून बघितलं. "पत्रा चांगला हाय. पन ह्या कामात चिकटनं म्हत्त्वाचं. धूळ नगं, पानी नगं, तेल तर बिलकुल नगं," असं पुटपुटत त्याने संध्याकाळपर्यंत मला तारेच्या ब्रशने घासलं, पुसलं. हे तो स्वतःशीच बोलला. घरातल्यांना एवढंच म्हणाला, "सकाळी दव वाळलं की फवारतो." आणि जेवायला गेला.

आणि इथेच घोळ झाला. उजाडता उजाडता हरणाबाई एका वाटीत तेल आणि कनवटीला भंडारा घेऊन माझ्यात चढल्या. भंडारा म्हणजे त्यांच्या देवाची, बिरोबाची हळद. घरात नवं जनावर येवो, नवी सून येवो की नवी काठी, भंडारा लावल्याशिवाय त्यांच्यात कशाचीच सुरुवात होत नाही. त्यांनी तेलात भंडारा कालवला आणि दोन्ही तळव्यांनी माझ्या अंगाला चोपडला, इकडची भिंत, तिकडची भिंत, जिथवर हात पोचेल तिथवर. बाळाला माखतात ना, अगदी तसं. "देवा बिरोबा, एवढी येक वाट घडू दे रं. मागारी ठिवू नगंस," त्या हळूच म्हणाल्या. शेवटी दाराशेजारी त्यांनी आख्खा पंजा उमटवला आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून खाली उतरल्या.

मला एकीकडे इतकं बरं वाटत होतं आणि दुसरीकडे माझा जीव टांगणीला लागला होता. अहो, तेल! रमजान काय म्हणाला ते मी ऐकलं होतं! ओरडून सांगावं तर हॉर्नची वायर उंदरांच्या पोटात. आणि पिवळ्या रंगावर पिवळा भंडारा दिसणार कुणाला?

रमजान आला तो पांढरा झगा, मोठा चष्मा आणि नाकातोंडावर मुखवटा चढवून. हरणाबाई म्हणाल्या, "ह्यो मोहळ झाडाय आलाय का टेम्पो रंगवाय?" सगळे हसले. नूरजहांने सगळ्यांना लांब उभं केलं, कारण फवारताना तो वास छातीत जाऊ द्यायचा नसतो. ती मशीनवरचा उष्णतेचा काटा बघत होती आणि नळी सोडत होती. दोन ड्रममधली दोन औषधं नळीला लावलेल्या फवारायच्या बंदुकीच्या टोकाशी एकत्र येतात, पत्र्यावर पडतात आणि दूध उतू जावं तशी फुगतात. क्षणात तो फेस घट्ट. मला गुदगुल्या झाल्या! दुपारपर्यंत मी आतून तीन बोटं जाड, पांढराशुभ्र झालो. मी स्वतःला समजावलं, कदाचित तेल चालत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाढीव फेस छाटायला रमजानने लांब सुरी घेतली. दाराशेजारी पहिला काप दिला आणि फेसाचा घोंगड्याएवढा तुकडा सुटून त्याच्या अंगावर आला. त्याने पलीकडच्या भिंतीला हात घातला, तीही तशीच. पापडासारखी सुटत गेली. छताला मात्र तो लोंबकळला तरी फेस हलेना.

रमजानने सुरी बाजूला ठेवली. "या अल्ला! बारा वर्सांत आसं कवा झालं न्हाई. नूर, मशीन गार पडली हुती का?"

"न्हाई जी. काटा जागचा हलला न्हवता. मी डोळं लावून बसलेली," नूरजहां म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता.

"मग माजंच मिश्रन चुकलं. बिराप्पा, मला माफ करा. मी आलो तसा जातो. ह्या कामाचं मला काय बी दिऊ नगा."

बिराप्पाने फेसाच्या ढिगाकडे बघितलं आणि हात झटकले. "तुमी काय करनार रमजानभाई. देवाच्याच मनात न्हाई. रविवारी आमी निघतो, आई घरी ऱ्हाईल. आता कुनी कायबी बोलायचं न्हाई."

हरणाबाई वाकून तो सुटलेला तुकडा बघत होत्या. पत्र्याला टेकलेली त्याची बाजू पिवळीजर्द होती. त्यांनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग मान वर करून छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. फेस कुठवर सुटलाय ते त्यांनी बरोबर ताडलं. त्यांचा हात पोचला होता तिथवर.

मित्रांनो, त्या घटकेला त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करा. गप्प बसल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. बोलल्या तर खापर त्यांच्यावर, आणि बिराप्पाला तर कारणच मिळणार. पण रमजान खाली मान घालून नळी गुंडाळायला लागला आणि ते त्यांना बघवेना.

"थांब लेकरा," त्या म्हणाल्या. "तुजं काय चुकलं न्हाई. ह्यो माजा हात हाय." दाराशेजारच्या पत्र्यावर पंजाची खूण अजून ओशट दिसत होती. तिच्यावर त्यांनी आपला तळवा ठेवला. बोटाला बोट जुळलं. "काल तू यायच्या आदी मी तेल-भंडारा चोपडला. आत समद्याला."

बिराप्पाचा आवाज चढला. "आई! कुनाला इचारून केलंस गं?"

"न्हाई इचारलं. चुकलंच माजं," हरणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "पन तू बी मला घरी ठिवताना इचारलं न्हाईस, बिरा. जातीस का ऱ्हातीस, येकदा बी न्हाई. म्हनून मी देवाला इचाराय गेले."

माझा तर पत्रा थरथरला म्हणा ना. बिराप्पा जाऊन बांधावर बसला आणि बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

इकडे रमजानच्या चेहऱ्यावर हसू फुटलं होतं. "आवं मावशी, तुमी तर माजी इज्जत वाचवली! रात्रीतनं पत्रा तसाच ऱ्हातो काय, फवारायच्या आदी हात फिरवून बघाय हवं हुतं, ती माजी चूक. देवाला बसवा की आत, पन फेस चिकटल्यावर!" त्याने ड्रम हलवून बघितले. "भिंतीपुरता माल हाय अजून. पन तेल निघालं पायजे. निघंल का?"

"न्हाई निघालं तर माजं नाव बदल," म्हणत हरणाबाईंनी पदर खोचला. मंगलने चुलीवर हंडा चढवला, गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला. सासू-सून मला घासायला लागल्या. नूरजहांनेही बाह्या सारल्या. एवढ्यात चौथा हात आला. बिराप्पा होता. त्याने आईच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाला, "तू बस. छातीत पानी जाईल."

रमजानने पारख शिकवली. पत्र्यावर तांब्याने पाणी मारायचं. पाण्याचे मणी झाले तर समजायचं, तेल आहे. पाणी सपाट पसरलं तर पत्रा स्वच्छ. पहिल्या खेपेला मणी, दुसऱ्या खेपेला मणी. चौथ्या खेपेला पाणी कसं साडीच्या घडीसारखं सरळ पसरलं! सगळ्यांनी गलका केला. मी त्या रात्री दारं सताड उघडी टाकून कोरडा झालो आणि सकाळी बिराप्पा दाराशी काठी घेऊन राखणीला बसला. आईला बघून तो म्हणाला, "आत न्हाई जायचं!" हरणाबाई हसून म्हणाल्या, "जातीय कुटं, तुज्याच शेजारी बसती."

रमजानने आधी हात फिरवला, मग फवारलं. या वेळी फेस असा धरला की बिराप्पा भिंतीला पाय लावून ओढायला लागला तरी सुटेना. एक दिवसभर मला वारा दिला. मग वरून पातळ प्लायवूड ठोकलं, वाऱ्याला दोन जाळ्या ठेवल्या. रमजानने बजावलं, "आत चूल न्हाई, बिडी न्हाई. ह्यो फेस जाळाला भितो."

आता परीक्षा. दुपारी दोन वाजता, ऊन डोक्यावर असताना, बिराप्पा म्हणाला, "आदी मी बसून बगतो." आत गेला, दार लावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. मंगलने घाबरून दार उघडलं तर साहेब बाजेवर आडवे, चक्क घोरत होते! "झाली तपासनी," मंगल म्हणाली. पण बिराप्पाने त्या रात्रीही आतच मुक्काम केला. पहाटे उठून त्याने माझ्या छतावर, भिंतीवर, कोपऱ्या-कोपऱ्यांत तळवा फिरवला. तळवा कोरडा. खाली उतरून तो आईसमोर उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "येतीस का?"

बघा मित्रांनो, दोन शब्द. हरणाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "आता इचारलंस म्हनून येते."

रविवारी आम्ही निघालो. सध्या मी पलूसला, एका द्राक्षमळ्याशेजारच्या रानात उभा आहे. मेंढरं भोवती बसली आहेत. थंडी म्हणाल तर कडाक्याची आहे, पण हरणाबाईंची छाती अजून एकदाही वाजलेली नाही. परवाच जन्मलेली दोन कोकरंही त्यांनी माझ्यात आणून ठेवली आहेत. कोकरांनी माझं प्लायवूड चाटून चाटून गुळगुळीत केलं आहे, पण मी काही बोलत नाही.

काल सकाळची गोष्ट. मेंढरांमागून चालून आल्यावर बिराप्पा गुडघा चोळत माझ्या पायरीवर टेकला. पन्नाशी ओलांडली आहे त्यानेही. चढायला जमेना म्हणून हरणाबाईंनी वरून हात दिला.

"ये, आत बस. दुकतंय व्हय लय?"

"न्हाई, आसंच जरा."

"दुकू दे की. पुडच्या साली आनखी बिगडलं तरी भिऊ नगंस," त्याचा गुडघा चोळत त्या म्हणाल्या. "तुला मी घरी ठिवून जायची न्हाई."

बिराप्पाने मान खाली घातली. त्याने आईचा हात आपल्या गुडघ्यावरच धरून ठेवला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या घरातही कुणी खोकत असेल, कुणाचा गुडघा दुखत असेल, कुणाचं दार लावताना खांदा द्यावा लागत असेल. त्याला मागे ठेवून जायचं ठरवण्याआधी एकदा विचारा, येतोस का म्हणून. आणि "येतो" म्हणाला, तर जागा करा. माझ्यासारख्या भंगारातल्या डब्यात जागा झाली, तुमच्यात का नाही होणार?